हिरवा दिवा आधी विझला

"जोविता, तुझी गाडी दुरुस्त झालेली नाही," फोनवर मोय म्हणाली. "घाट चढवू नकोस."

जोविता ओट्याशी उभी राहून रानआल्याचे कोंब चिरत होती. बोटं मिरचीने माखलेली, फोन खांदा आणि कान यांच्यात दाबलेला. आपल्या ऐकण्यातच काही चूक झाली असं तिला वाटलं.

"आंटी, गाडी तर लोण्यासारखी चालतेय. तुमच्याकडून आणल्यापासून एकदासुद्धा अडली नाही."

"चालत असेल. पण का चालतेय ते मला कळत नाहीये. ते कळेपर्यंत ती दुरुस्त झाली असं मी म्हणणार नाही. उद्या घेऊन ये. उतार आहे, हळू ये."

जोविताने फोन ठेवला. आजवर गॅरेजवाल्यांनी तिला नाना तऱ्हेच्या गोष्टी सांगितल्या होत्या. चालणाऱ्या गाडीचा दोष स्वतःहून कळवणारं मात्र कुणी भेटलं नव्हतं.

त्या निळ्या गाडीवाचून त्यांच्या घरचं पान हलत नसे. घर डोंगराच्या माथ्याजवळ, रस्त्याला लागून. नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला, दोन महिन्यांतून एकदा घरी यायचा. सासऱ्यांची, म्हणजे आमांची, मूत्रपिंडं निकामी झालेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांना खाली दोंगोंगॉन गावी डायलिसिसला न्यायचं आणि दुपारी थकलेल्या माणसाला पुन्हा वर आणायचं, हे काम जोविताचं. उतरताना गाडी गुणी लेकरासारखी वागे. चढताना मात्र मध्येच समोरचा पिवळा दिवा मिचमिचायला लागे आणि गाडी एकाच गिअरमध्ये हटून बसे. इंजिन बोंबलतंय, वेग बैलगाडीचा, मागे लाकडाच्या ट्रकांचे हॉर्न. बंद करून पुन्हा चालू केली की झालं गेलं विसरून नीट चाले. एकदा दाट धुक्यात असं झालं, तेव्हा मागच्या ट्रकचे दिवे आरशात इतके जवळ आले की जोविताने डोळेच मिटून घेतले होते.

तिने तीन गॅरेजं पालथी घातली. तिघांनीही एकच निदान केलं, गिअरबॉक्स संपला, अख्खा बदला. त्यातल्या एकाने तर बॉनेटही उघडलं नव्हतं. मग डायलिसिसच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या एका बाईने मोयचं नाव सांगितलं.

मोय पन्नाशीची, ठेंगणी, केस पोरासारखे बारीक कापलेले. बाप हक्का बोलणारा चिनी, आई इथल्याच कादाझान जमातीची, त्यामुळे दोन्ही भाषांत सारख्याच झोकात शिव्या देई. बाजारामागच्या गल्लीत बापाचं दुकान होतं, ते ती आणि तिचा भाऊ आ फात चालवत. काम एकच, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पहिल्या दिवशी तिने गाडीला हात लावण्याआधी जोवितालाच उलटसुलट प्रश्न विचारले. मग स्कॅनर जोडला आणि म्हणाली, "दुसऱ्या सोलेनॉइडच्या वाटेवर बिघाड आहे असं हा सांगतोय."

"म्हणजे काय, आंटी?"

"गिअरबॉक्सच्या पोटात बोटाएवढ्या विजेच्या झडपा असतात. वीज आली की टक करून उघडायचं, तेलाला वाट द्यायची. तेल जाईल तसा गिअर बदलतो. त्यातली एक मध्येच काम सोडते. मग गाडीचा कॉम्प्युटर घाबरतो आणि म्हणतो, नको रे बाबा बदलाबदली, आहे त्याच गिअरमध्ये घरी जा."

"मग गिअरबॉक्स गेला नाही?"

"तेल बघ, लालबुंद आहे. जळका वास नाही. हा गिअरबॉक्स कुणी फेकायला सांगितला?"

एवढं बोलून तिने गिअरबॉक्सखालचं तेलाचं चेंबर उतरवलं, तेल काढलं, जुना सोलेनॉइड काढून नवा बसवला. चढ, तापलेलं तेल, जुनी कॉइल, सगळं जुळत होतं. गाडी घाट चढून गेली, पुन्हा गेली, आणि जोविताने सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर हा फोन.

दुसऱ्या दिवशी ती आमांना घेऊनच खाली उतरली. डायलिसिसचा वार नव्हता, पण आमांनी ऐकलं नाही. "घरात बसून काय करू? कोंबड्या मोजू?" म्हणाले. त्यांच्या मनात बाजारातला गोमांसाचा रस्सा आणि शेवया होत्या हे जोविता ओळखून होती, आणि डॉक्टरांनी रस्सा बंद केलाय हे आमाही ओळखून होते.

दुकानाच्या तोंडाशीच आ फात टायरवर बसला होता. जोविताला पाहून त्याने हात जोडले. "या, या. आमच्या ताईसाहेबांचं ऐकलंत ना? लोक गिऱ्हाइकाला चूक कळू नये म्हणून मरतात, आमच्याकडे फोन करून कळवतात. या गल्लीत दुसरं असं दुकान दाखवा, मी दुकानाला टाळं लावतो."

"टाळं लाव, पण आधी ते टायर उचल," आतून मोय म्हणाली.

आत स्टोव्हवर एक छोटी कढई होती. तिच्यात गिअरचं लाल तेल धुरकटत होतं, आणि दोन वायरींना लटकवलेला तो जुना सोलेनॉइड तेलात बुडालेला. मोय एका हाताने बटण दाबत होती. टक. सोडलं, टक. पुन्हा टक.

आमांनी वाकून पाहिलं. "काय तळतेस पोरी?"

"तुमच्या गाडीचा सोलेनॉइड, अंकल. चवीला बरा नाही."

मग तिने स्टोव्ह बंद केला आणि जोविताकडे वळली. हसणं गेलं होतं. "परवा दुकान आवरताना हा हाताला लागला. माझी सवय आहे, काढलेली वस्तू खरंच मेली होती का ते बघायचं. थंड असताना चांगला निघाला. म्हटलं गरम झाल्यावर दगा देत असेल. काल तळला, आज तळतेय. घाटात तापतो त्याहून जास्त तापवला. एकदासुद्धा चुकला नाही. म्हणजे मी निर्दोष माणसाला घराबाहेर काढलं, आणि खरा चोर अजून तुझ्या गाडीत बसलाय."

"पण मग गाडी इतके दिवस नीट कशी चालली?"

"तेच. मी वायरी जोडणारा कपलर काढला, वायरी हलवल्या, पुन्हा बसवल्या. त्या हलवाहलवीत चोर थोडा वेळ दबून बसला असेल. पुन्हा उठेल. धुक्यात उठला तर काय करशील?"

जोविताला आधी रागच आला. दिवस मोडून आलो, नवा सोलेनॉइड बसवून घेतला, आणि आता ही म्हणते मुळात तसं काही नव्हतंच. पण कढईतल्या त्या काळपट तुकड्याकडे बघता बघता तिचा राग निवला. हा तुकडा कचऱ्यात टाकायला कितीसा वेळ लागला असता? कुणी विचारलंही नसतं. पुन्हा गाडी अडली असती तर गिअरबॉक्सच जुना, असं म्हणायला वाट मोकळी होती. त्या बाईने तेल तापवून स्वतःचीच चूक शोधून काढली होती.

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

"आता पहिल्यापासून. गरम होण्याचा दोष नाही, हे नक्की. मग कशाचा? कुठे अडते, नेमकं सांग."

"चढावर. कायम चढावर."

"चढावर नाही," आमा म्हणाले. "वळणावर."

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. आमा बाकावर बसून कढईचा वास घेत होते. त्यांनी डाव्या हाताची बाही वर केली. मनगटाच्या वर शीर दोरखंडासारखी फुगलेली होती, डायलिसिसच्या सुयांसाठी डॉक्टरांनी मुद्दाम जोडलेली. "हा माझा मशीनचा हात. याला दाब पडू द्यायचा नाही, झोपताना याच्यावर कूस घ्यायची नाही. म्हणून गाडीत मी याला जपत बसतो. तो पिवळा दिवा लागतो ना, त्याच्या आधी प्रत्येक वेळी माझा हा हात दारावर दाबला जातो. मला दिव्यापेक्षा आधी हाताचीच काळजी. म्हणून लक्षात राहिलं."

मोय आमांकडे वळली. "अंकल, तुम्ही बसता डाव्या बाजूला. हात दारावर दाबला जातो, म्हणजे गाडी उजवीकडे वळतेय."

"असेल."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कुणी? तुम्ही सगळे गाडीलाच विचारत होतात."

आ फात बाहेरून खो खो हसला. मोयही हसली, पण तिचे डोळे गाडीच्या बॉनेटवर खिळले होते. तिने झाकण उघडलं आणि आतल्या वायरींचा माग डोळ्यांनी काढला. मग फळीवरून दोन चिमुकले दिवे काढले, एक लाल, एक हिरवा, आणि वायरीची लांब भेंडोळी. लाल दिव्याची वायर तिने कॉम्प्युटरच्या तोंडाशी जोडली, हिरव्याची गिअरबॉक्सच्या अंगाशी. दोन्ही वायरी खिडकीतून आत घेतल्या आणि दिवे काचेखाली, आमांच्या पुढ्यात, चिकटपट्टीने बसवले.

"हे बघ," ती जोविताला म्हणाली. "कॉम्प्युटर वीज पाठवतो तेव्हा लाल लागतो. गिअरबॉक्सला ती मिळते तेव्हा हिरवा लागतो. दोन्ही एकदम लागायला हवेत, एकदम विझायला हवेत. लाल आधी विझला तर कॉम्प्युटर खोटा. हिरवा आधी विझला तर मधल्या वाटेवर कुणीतरी वीज अडवतोय. अंकल, तुमचं काम एवढंच, दिव्यांवरून नजर हलवायची नाही."

"रस्सा मिळेल का नंतर?"

"दोन चमचे."

"मग हलणार नाही."

निघताना आ फातने बजावलं, "घाटात अडकलात तर मी येणार नाही, सांगून ठेवतो." आणि तोंड वाकडं ठेवूनच एक लाकडी दांडा आणि पाण्याची बाटली मागच्या सीटवर टाकली.

जोविता चालवत होती. मोय मागे, दोन्ही सीटच्या मधून मान पुढे काढून. चढ सुरू झाला. दोन्ही दिवे जोडीने लागत, जोडीने विझत. सरळ चढ गेला. डावी वळणं गेली. उजवी वळणंही गेली. काही नाही. ऊन लख्ख होतं, दरीत कुणीतरी गवत जाळत होतं त्याचा धूर वर येत होता.

"चोराला कळलं वाटतं, पोलीस मागे बसलेत," आमा म्हणाले.

"पोलिसामुळे नाही, जोवितामुळे," मोय म्हणाली. "आज तू पाहुण्यांना घेऊन निघाल्यासारखी चालवतेस. सोमवारी उशीर झाला, आमा दमलेत, घरी कोंबड्या उपाशी आहेत, तेव्हा कशी चालवतेस?"

जोविता लाजली. "जरा जोरात."

"तशी चालव."

तिने पाय दाबला. गाडी पुढे झेपावली. अननसवाल्याच्या टपरीच्या अलीकडचं मोठं उजवं वळण आलं, चढही तिथेच अंगावर येतो. जोविताने चाक फिरवलं, आमांचा खांदा दाराला टेकला, त्यांनी डावा हात उचलून छातीशी घेतला, आणि समोरचा पिवळा दिवा मिचमिचू लागला. इंजिन बोंबललं. गाडीने तोच जुना हट्ट धरला.

"हिरवा आधी विझला," आमा सावकाश, साक्ष दिल्यासारखे म्हणाले. "मग लाल."

"नक्की?"

"पोरी, मी आयुष्यभर बांबूच्या टोपल्या विणल्या. दोन काड्यांत आधी कुठली खाली गेली ते मला सांगायला लागत नाही."

मोयने सीटच्या पाठीवर थाप मारली. "थांबव टपरीपाशी. सापडला."

गाडी अडली म्हणून कुणी इतकं खूश झालेलं जोविताने पूर्वी पाहिलं नव्हतं. या वळणावर एरवी तिची नजर आरशातल्या ट्रकांवरून हलायची नाही, आणि आज तिला हसू आवरत नव्हतं.

मोयने बॉनेट उघडलं, गाडी पुन्हा चालू करायला लावली आणि पुन्हा बंद करून फक्त वीज सुरू ठेवली. मीटरच्या दोन सुया तिने वायरीच्या दोन टोकांना लावल्या आणि मीटर जोविताच्या हातात दिला. "आकडा बदलला की सांग." मग आ फातचा दांडा गिअरबॉक्सखाली घातला आणि अंगाचा भार टाकून गिअरबॉक्स डावीकडे रेटला. एवढं मोठं लोखंडी धूड हललं, तेही चांगलं बोटभर. आकड्याने उडी मारली.

"बदलला!"

"आता?" तिने दांडा सैल केला.

"पुन्हा पहिल्यासारखा."

मोयने दोघांना जवळ बोलावून दाखवलं. गिअरबॉक्स ज्या रबरी माउंटिंगवर टेकतो, ते रबर पार फाटलं होतं. सरळ रस्त्यावर काही वाटत नसे, पण उजव्या वळणावर, जोर दिलेला असताना, गिअरबॉक्स डावीकडे सरके. आणि वायरींचा जुडगा कुणीतरी, कधीतरी, नीटनेटका दिसावा म्हणून प्लॅस्टिकच्या पट्टीने अंगाशी करकचून बांधला होता. गिअरबॉक्स सरकला की जुडगा ताणला जाई.

"ज्याने बांधला त्याने चांगल्या मनानेच बांधला," मोय म्हणाली. "पण वायरीला थोडी ढील लागते. माणसासारखीच."

मग तिने ती एक वायर जुडग्यातून वेगळी केली आणि चिमटीत धरून, इंच इंच दुमडत, जपमाळ ओढावी तशी पुढे सरकत गेली. तिचे डोळे मिटलेले होते. अननसवाला येऊन उभा राहिला, कुणी मेलं का म्हणून विचारून गेला, तरी तिने डोळे उघडले नाहीत. एका जागी बोटं थबकली. पुन्हा मागे गेली, पुन्हा तिथेच थबकली.

"इथे. हात लाव. बाहेरून धड आहे ना? आतून मऊ लागतंय."

जोविताने चाचपलं. तिला काहीच कळलं नाही, मग एकदम कळलं. बाकी वायर ताठ होती, त्या जागी तेवढी रिकाम्या शेंगेसारखी दबत होती. मोयने पात्याने वरचं आवरण चिरलं. आत तांबं हिरवट पडून तुटलेलं, दोन टोकं एकमेकांना नुसती टेकलेली. ताण आला की सुटायची, ताण गेला की पुन्हा भेटायची.

"याच्यापायी तिघांनी अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितला," जोविता म्हणाली.

"आणि मी सोलेनॉइड बदलला," मोय म्हणाली. "तिघांत मला चौथी धर. फक्त मी परत बघितलं."

तिने ती पट्टी कापून टाकली, तात्पुरता जोड दिला आणि गाडी हळू हळू खाली नेली. गाडी दुकानात राहिली, जोविता आणि आमा भाड्याच्या गाडीने घरी गेले आणि सकाळी तसेच उतरले. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. सासरे मशीनला लागलेले असताना मोयने नवं माउंटिंग बसवलं, वायरीचा तेवढा तुकडा काढून नवा डाख लावून जोडला, वर आवरण चढवलं आणि जुडग्याला मोकळं वळण देऊन सोडलं. जुना सोलेनॉइड पुसून, फडक्यात गुंडाळून जोविताच्या हातात ठेवला. "हा चांगला आहे. उगाच बाहेर राहिला. जपून ठेव, कधी लागला तर मी बसवून देईन. त्याची मजुरी घेणार नाही."

"झाली मग गाडी?"

"बघू," मोय म्हणाली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

ती थेट त्यांच्या घरापर्यंत आली. सगळी वळणं झाल्यावर आमांना अंगणात उतरवून तिने गाडी परत फिरवली, टपरीखाली जाऊन पुन्हा वर आणली. या वेळी स्वतः चालवली, आणि असल्या तऱ्हेने चालवली की जोविताला दाराची कडी धरावी लागली. दोन्ही दिवे जुळ्या भावंडांसारखे लागत होते, विझत होते. अंगणात आल्यावर मोय गाडीखाली सरकली, तापलेल्या वायरींवरून हात फिरवला आणि पाठीला गवत चिकटलेली अशी बाहेर आली.

"आता म्हणते," ती म्हणाली. "झाली."

जोविताने जेवण वाढलं. भात, रानआल्याचं लोणचं, नदीतले मासे. मोयने लोणचं तीनदा मागून घेतलं आणि रानआलं कुठून आणतेस, चिरतेस कसं, मीठ कधी घालतेस, असे गाडीच्या वेळी विचारले तसे एकामागून एक प्रश्न विचारले. आमांना तिने पेल्यात दोन चमचे रस्सा आणला होता, खालच्या दुकानातून, झाकण लावून. आमा तो इतक्या सावकाश प्यायले की तेवढ्यात दोघींचं जेवण उरकलं. आ फात संध्याकाळच्या आधी तिला न्यायला आला. येणार नाही म्हणाला होतास, अशी कुणी त्याला आठवण करून दिली नाही.

शुक्रवारी दुपारी जोविता आमांना घेऊन घाट चढत होती. पाऊस नुकताच थांबला होता, रस्ता ओला, समोर लाकडाचा ट्रक. ट्रकने बाजू दिली, तिने पाय दाबला, गिअर एकामागून एक बिनबोभाट खाली उतरले आणि गाडी ट्रकला मागे टाकून पुढे निघाली. काही बोलावं म्हणून तिने डावीकडे पाहिलं. आमा झोपले होते. मान मागे टेकलेली, तोंड उघडं, मशीनचा हात मांडीवर सैल पडलेला. इतक्या महिन्यांत ते या घाटात पहिल्यांदाच झोपले होते. जोविताने रेडिओचा आवाज कमी केला आणि पुढचं वळण जरा अलगद घेतलं.